दहा घागरी आणि वीस शब्द

बेळगावातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर सुधारायला विद्यार्थी उरले नाहीत, म्हणून गावं सुधारायला निघालो. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कुठूनही बोलावणं आलं की मी आणि माझी बायको नीलम सकाळची बस धरायचो. भाषण माझं, सामानाची पिशवी तिची. लोकांच्या डोक्यातल्या चुकीच्या समजुती काढणं हा माझा विषय. तसल्या समजुती आपल्याही डोक्यात असतील अशी शंका मला कधी आली नाही. डोकं घरचंच, त्याची झडती कोण घेतो?

माझा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम संकेश्वरजवळच्या एका गावात झाला. तिथं जोतिराम नावाचे सत्तरीचे पाणाडी होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते शेतातून चालायचे आणि नारळ उभा राहील तिथं बोअर मारायला सांगायचे. मी त्यांना जाहीर परीक्षेचं आमंत्रण दिलं. भला माणूस, तयार झाला. शाळेच्या पटांगणात आम्ही दहा घागरी मांडल्या. पाच पाण्याच्या, पाच वाळूच्या, सगळ्या पोत्यांनी झाकलेल्या. कुठल्या घागरीत काय आहे हे फक्त नीलमला माहीत होतं, आणि घागरी भरून ती वर्गात जाऊन बसली होती. मलासुद्धा सांगितलं नव्हतं, कारण माझ्या तोंडाकडं बघून जोतिरामांना कळायला नको. ही पद्धत मी नीलमला शिकवली होती आणि ती माझ्यापेक्षा काटेकोर होती.

दहापैकी चार बरोबर आले. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी पाच यायला हरकत नव्हती.

"घागरीतलं पाणी मेलेलं असतंय, मास्तर," जोतिराम म्हणाले. "नारळाला जित्तं पाणी लागतंय." मग ते म्हणाले, भोवती माणसं लई झाली. मग म्हणाले, आज वारंच तसं हाय.

मी माईक हातात घेतला. "निकालाच्या आधी सांगितलं तर ते कारण," मी म्हणालो, "आणि निकालानंतर सांगितलं तर ती सबब." टाळ्या पडल्या. त्याचा व्हिडिओ मोबाइलवरून सीमाभागात सगळीकडं फिरला. मी तो घरी बसून अधूनमधून बघायचो.

त्याच सुमाराला लोक पुटपुटायला लागले. बँकेतली मुलगी कन्नडमध्ये पुटपुटायची. टीव्हीवरचे बातमीदार पुटपुटायचे. नीलम स्वयंपाकघरातून पुटपुटायची. आम्ही वडगावात राहतो. गल्लीत घरोघरी विणकामाचे माग आहेत, दिवसभर खडखडाट चालतो. या खडखडाटात माणसाचं काय ऐकू येणार, असं मी म्हणायचो. मागची तीस वर्षं त्याच खडखडाटात सगळं ऐकू येत होतं, हे काही मला सुचलं नाही.

"एकदा कान दाखवून या की," नीलम म्हणाली.

"काय?"

तिनं परत सांगितलं. मग मी तिला ध्वनिलहरींविषयी बरीच माहिती दिली.

आता माझ्या भावाचं सांगायला हवं. सांबऱ्याच्या पलीकडं आमचं गाव. थोरला भाऊ रवळू, त्याला मी अण्णा म्हणतो, तो शेती बघतो. आमची आई मी लहान असतानाच गेली. शालूवहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी सातवीत होतो. माझा डबा त्यांनी भरला, शाळेचे कपडे त्यांनी धुतले, दहावीच्या परीक्षेला पहाटे उठवायला त्याच उठल्या. नोकरी लागल्यावर मी वडगावात आलो, तरी गणपतीला दर वर्षी गावी जायचोच. मी देव मानत नाही, पण वहिनींचा स्वयंपाक मानतो.

गेल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी अण्णाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि तो मला म्हणाला, "कशाला येतोस?"

मला वाटलं, आपण चुकून ऐकलं. म्हणजे वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात क्षणभरसुद्धा तसं वाटलं नाही. मी म्हणालो, "बरं, न्हाय येत," आणि फोन ठेवला.

नीलमनं विचारलं तर मी सांगितलं, अण्णानं येऊ नको म्हटलंय. तिचा विश्वास बसेना. "का बरं?" ती म्हणाली. आणि इथं माझ्या बुद्धीनं खरी कमाल केली. कारण मला दोन मिनिटांत सापडलं. अण्णानं शेतात बोअर मारलं होतं ते अशाच एका नारळवाल्याला विचारूनच. माझा संकेश्वरचा व्हिडिओ गावात पोचला असणार, चारचौघांत त्याला कुणी टोचलं असणार, आणि सत्य सहन न झाल्यामुळं त्यानं सख्ख्या भावाला दार बंद केलं. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याला एक गोडी होती. विचारांसाठी घर तुटलेला माणूस मी आजवर पुस्तकातच वाचला होता. आता तो आरशात दिसायला लागला.

नीलम म्हणाली, "फोन करून इचारा तरी." मी म्हणालो, सत्याच्या वाटेवर विनवण्या नसतात.

आम्ही गणपतीला गेलो नाही. दिवाळीनंतर चिकोडीला भाषण होतं. तिथं मी पहिल्यांदा ते सांगितलं. म्हणालो, "मित्रहो, या कामाची किंमत काय असते विचाराल, तर माझ्या सख्ख्या भावानं मला सांगितलं, सणाला माझ्या दारात येऊ नको." अण्णा दार वगैरे काही बोलला नव्हता. पण माईकसमोर वाक्य जरा भरावं लागतं. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या. पुढच्या प्रत्येक भाषणात मी तो प्रसंग घेतला. दोन महिन्यांत तो इतका सुधारला की त्यात अण्णानं बोट दाखवून मला रस्ता दाखवला होता. फोनवर कसा दाखवला हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

पुरावेही गोळा होत गेले. दर जानेवारीला अण्णाकडून नव्या तांदळाचं पोतं यायचं, ते आलं नाही. पुतण्या सूरज बाजारात समोरून गाडीवरून गेला, थांबला नाही. एकेक गोष्ट घडली की मी नीलमला म्हणायचो, "बघ. मी म्हणालो नव्हतो?"

असे आठ महिने गेले. मे महिन्यात एका दुपारी दार वाजलं. ते मला ऐकू आलं नाही, नीलमनं उघडलं. दारात जोतिराम उभे. नातीचं लग्न ठरलं होतं, लुगडी घ्यायला शहापुरात आले होते, आणि जाता जाता पत्रिका द्यायला आमच्याकडं आले होते. मी त्यांना हजार माणसांत हरवलं होतं, पण त्यांनी मनात काही धरलेलं दिसलं नाही. आम्ही चहा घेत होतो आणि करंट गेला. पंखा थांबला. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. वडगावात अशी शांतता क्वचित पडते.

नीलम उठली आणि दोन कागद, दोन पेन्सिली घेऊन आली.

"आता माग न्हाईत, पंखा न्हाय," ती म्हणाली. "तुमी आणि जोतिराममामा शेजारी बसा, भिंतीकडं तोंड करून. मी दारात हुबारून वीस शब्द वाचते, नेहमीच्या आवाजात. दोघांनी लिवायचं."

"मामांना कशाला त्रास?" मी म्हणालो.

"तुमचं नऊ आलं तर तुमी म्हणणार मी हळू वाचलं. त्यांचंबी नऊ आलं तर मी मान्य करीन की हळू वाचलं."

हे मीच तिला शिकवलं होतं. मी हसून पेन्सिल घेतली. जोतिरामही बसले. सातवीपर्यंत शिकलेले, सावकाश लिहितात, म्हणून नीलम एकेका शब्दानंतर थांबत होती. मला अजिबात अवघड गेलं नाही. प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला आणि मी तो लिहिला. एकदाही अडलो नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण माझा असा समज होता की ऐकू आलं नाही तर माणसाला ते कळतं.

नीलमनं कागद तपासले. जोतिराम एकोणीस. माझे खरोखरच नऊ.

"मामांचे कान शेतातले," मी म्हणालो. "मोकळ्या हवेतले." मग म्हणालो, "आणि सुटे शब्द. सुट्या शब्दांना मागचापुढचा संदर्भ नसतो. घरात आपण वाक्यं बोलतो." मग म्हणालो, "आणि आज माझं नाक जरा चोंदलंय."

तिसरं कारण तोंडातून बाहेर पडलं आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला. तो मात्र स्वच्छ आला.

जोतिराम खाली बघत होते. त्यांना हसायची पुरेपूर मुभा होती, पण ते हसले नाहीत. "मास्तर," ते म्हणाले, "संकेश्वरात माझंबी असंच झालतं. आधी मनात काय न्हवतं. पाणी मेलेलं असतंय म्हणून तोंडातनं गेलं, आणि बोलल्यावर मलाच पटलं. मी लबाडी करत न्हवतो."

"मग आता?"

"आता काय. नारळ हुबा राहतोय अजून," ते म्हणाले आणि चहा संपवून उठले. त्यांची बस होती.

ते गेल्यावर नीलमनं माझा कागद पुढं ठेवला. अकरा नंबरवर तिनं बोट ठेवलं. तिथं माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'कशाला'.

"मी काय वाचलं असंल?" तिनं विचारलं.

"कशाला."

तिनं तिची यादी दाखवली. अकरावा शब्द होता 'सणाला'.

मी दोन्ही शब्द परत वाचले. करंट आला, बाहेर माग सुरू झाले.

"अण्णा तसं बोलतील हे माझ्या मनाला पटत न्हवतं," नीलम म्हणाली. "कशाला हा शब्द दुसऱ्या कशासारखा लागंल, म्हणून मी आठ दिवस भाजी चिरताना एकेक शब्द म्हणून बघत हुते. सणाला येतोस, असं इचारलं असंल. खात्री न्हाय माझी. पण इचारायला पायजे."

मी सांगितलं, हा फक्त अंदाज आहे. तीही म्हणाली, व्हय, अंदाजच हाय. पण मग माझंही आठ महिने काय होतं? तिच्या अंदाजानं निदान वीस शब्दांची परीक्षा घेतली होती. माझ्या अंदाजानं टाळ्या घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाकडं निघालो. बसमध्ये मी दोनदा म्हणालो की पुढच्या आठवड्यात गेलो असतो तर बरं. नीलमनं ऐकू न आल्यासारखं केलं.

अण्णा अंगणात भाताचं बी उन्हात पसरत होता. मला बघून तो थांबला, पण हातातली पाटी खाली ठेवली नाही.

"अण्णा, एक इचारायचं हाय," मी म्हणालो. "गेल्या गणपतीच्या आधी फोन केलतास. काय म्हणालतास मला?"

"मी काय म्हणालो ते आता काय आठवतंय?" तो म्हणाला. "तू काय म्हणालास ते आठवतंय. बरं, न्हाय येत म्हणालास आणि फोन ठेवलास. चार दिवस मी शालूला इचारत हुतो, न्हाय येत ते कळलं, पण ह्यो 'बरं' कशाचा?"

त्याला माझं वाक्य पाठ होतं, स्वतःचं आठवत नव्हतं. मला त्याचं पाठ होतं आणि माझ्या 'बरं'चा मी कधी विचारही केला नव्हता. मी त्याला कानांचं सांगितलं, वीस शब्दांचं सांगितलं, अकरावा शब्द सांगितला. तो पाटी धरून ऐकत होता.

"कशाला येतोस असं मी तुला म्हणीन व्हय रं?" तो म्हणाला. मग जरा विचारात पडला. माझा भाऊ सरळ माणूस आहे, स्वतःच्या सोयीचंसुद्धा खोटं बोलत नाही. "त्या दिवशी मोटर जळलती. डोस्कं ठिकाणावर न्हवतं. पण न्हाय. तसं न्हाय म्हणलो मी."

विज्ञानाच्या मास्तराला पुरावा हवा होता, तो मिळाला इतकाच. फोनवर नेमकं काय बोललं गेलं ते आता कुणालाच कधी कळणार नाही.

"पर चिकोडीत तू काय बोललास ते मला शब्द न शब्द ठावं हाय," अण्णा म्हणाला. "शालूचा भाऊ हुता तिथं. लोकांपुढं मला दगड केलास. बारा वर्षांचा असल्यापासनं ह्या घरात तुला कुणी येऊ नको म्हणलंय?"

मग कळलं. तांदळाचं पोतं बांधून तयार होतं, चिकोडीची बातमी आल्यावर अण्णानं ते परत आत नेलं. सूरजनं बाजारात मला बघितलं होतं आणि बघूनच गेला होता. म्हणजे माझे पुरावे खरे होते. फक्त ते मीच तयार केले होते. भावानं मला तोडलंय असं मी इतक्या जोरात सांगितलं, की शेवटी त्यानं तोडलं.

"वहिनी कुठं हायत?" नीलमनं विचारलं.

"पडलीया आत. आता बरी हाय." अण्णा पाटीतल्या बियाण्यात हात घालून उभा राहिला. "फेब्रुवारीत आपरेशन झालं. पित्ताशयात खडं झालतं. बेळगावातच हुती पाच दिवस."

दवाखान्याचं नाव त्यानं सांगितलं. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. त्या पाच दिवसांपैकी एका दिवशी मी त्याच रस्त्यानं निपाणीच्या भाषणाला गेलो होतो.

"कळवलं न्हाय?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कसं कळवायचं? दारात यायची बंदी हाय न्हवं तुला."

त्या दिवशी वहिनींशी फार बोलणं झालं नाही. त्या नीलमशी बोलल्या, मला म्हणाल्या, "जेवून जावा." आम्ही जेवलो.

पुढच्या आठवड्यात कान दाखवले. डॉक्टरीणबाईंनी यंत्रं लावून तपासलं आणि सांगितलं, स, श, क, त असले बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला ऐकू येतंय, समोरचाच नीट बोलत नाही. मी म्हणालो, हे मी शिकवलंय, नववीला. दोन्ही कानांत मशीन बसलं. वडगावातले माग इतके मोठ्यानं चालतात हे मी विसरलोच होतो.

चिकोडीला परत बोलावणं येईना, म्हणून निपाणीच्या भाषणात मी सगळं सांगितलं. भावानं मला हाकललं नव्हतं, मी बहिरा होतो आणि मला हाकललेलं असणं आवडत होतं. यावेळी टाळ्या नव्हत्या. संयोजकांनी हळूच विचारलं, सर, तळहातावर कापूर जाळायचा प्रयोग घेताय ना? शेवटी एका बाईंनी हात वर केला. मला वाटलं, चला, एकाला तरी विचार भिडला. त्यांना कानाच्या डॉक्टरांचा पत्ता हवा होता. सासऱ्यांसाठी.

सवय जायला वेळ लागतो. अजूनही कुणी काही बोललं की आधी त्यामागचा हेतू मला कळतो आणि शब्द नंतर. आता मी तोंडातलं वाक्य धरून ठेवतो आणि विचारतो, "काय म्हणालात?" दहातल्या दोन-तीन वेळा माणूस वेगळंच काही म्हणालेला असतो. उरलेल्या वेळी तेच म्हणालेला असतो, आणि मग ते दोनदा ऐकावं लागतं.

यंदा गणपतीला आम्ही दोन दिवस आधीच गावी गेलो. अण्णा बोलतो, पण जपून बोलतो. एकेक शब्द सुटा करून. ते माझ्या कानासाठी की दुसऱ्या कशासाठी, हे मी अजून विचारलेलं नाही. सूरजनं वाकून नमस्कार केला आणि लगेच बाहेर गेला. मूर्ती बसली, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती. स्वयंपाकघरात वहिनींनी माझ्यापुढं अळूच्या देठांची जुडी टाकली आणि सोलायला सांगितलं. लहानपणीही हे काम माझंच असायचं. नीलम परसात होती. मी सोलायला लागलो.

मग देठांवरची नजर न काढता वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यात दार वाजलं की वाटायचं, आमचं मास्तर आलं. तिसऱ्या दिवसानंतर दाराकडं बघायचं सोडलं मी."

मशीन दोन्ही कानांत होतं. एकही शब्द निसटला नाही. तरी मी म्हणालो, "काय म्हणालात, वहिनी?"

त्यांनी परत सांगितलं. बहिऱ्याला सांगतात तशा मोठ्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द तोडून. बाहेरच्या खोलीत अण्णाचं बोलणं थांबलं. शेजारच्या परसातसुद्धा ऐकू गेलं असणार.

"पहिल्या वेळीच ऐकू आलतं, वहिनी," मी म्हणालो.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

माझ्या हातांना अळूची खाज सुटली होती. त्यांनी खोबरेल तेलाची वाटी माझ्याकडं सरकवली, आणि मी हात पुसून होईपर्यंत दुसरी जुडी सोडून माझ्यापुढं ठेवली.